उताराची नजर

जालन्याच्या बाहेर अंबड रस्त्याला गेल्या आठ-दहा वर्षांत जे बंगले उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी अंगणांखालची जमीन आबारावनं बसवलेली आहे. मालकाला विचारलं तर तो हे सांगणार नाही. तो हिरवळ दाखवेल, रंगीत फरश्या दाखवेल, पुण्याहून मागवलेली झाडं दाखवेल आणि ती केवढ्याला पडली हेही न विचारता सांगेल. त्या सगळ्याच्या खाली एका माणसानं तीन दिवस छोटा ट्रॅक्टर मागेपुढे करून मुरूम पसरला, पावसाचं पाणी भिंतीत न मुरता फाटकाकडे जाईल असा उतार काढला, याचा त्याला पत्ताच नसतो. अंगणात पाणी साचलं तर लोक शिव्या द्यायला माणूस शोधतात. निघून गेलं तर त्यांना वाटतं, पाणीच शहाणं होतं.

ट्रॅक्टर द्राक्षाच्या बागेत चालतो तसला, बुटका आणि अरुंद. शेतकरी त्याला खेळणं म्हणून हसत. आबाराव मनावर घेत नसे. जेसीबी कंपाउंडात शिरला की आधी फाटकाचा खांब पाडतो आणि मग कामाला लागतो, हे बंगलेवाल्यांना एकदा अनुभवानं कळलं की ते आपोआप आबारावचा नंबर शोधायचे. हा गडी खेळणं घेऊन यायचा, मागची लोखंडी फळी खाली सोडायचा आणि उलट्या गिअरात भिंतीपासून वीतभर अंतरावरून असा फिरायचा की चुना खरवडला जात नसे. फळी उचलायचा दांडा त्याच्या उजव्या हातात असे. तो हात सारखा थरथरल्यासारखा हलायचा, केसभर वर, केसभर खाली. बघणाऱ्याला वाटे, म्हातारपणाचा कंप आहे. तो कंप नव्हता, ते कसब होतं.

आबाराव मूळचा भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, रानं तुडवत गोदावरीकडे उतरायचं, वाटेत ज्याच्या त्याच्या शेतात मेंढरं बसवायची आणि त्या खताच्या बदल्यात ज्वारी-बाजरी घ्यायची. मेंढरं बसवायची जागा निवडणं हे त्याच्या बापाचं काम. मेंढरू ओल्यात बसलं की खुरं सडतात, म्हणून जागेला उतार हवा. उतार जास्त झाला तर खत वाहून जातं आणि शेतमालक बोंबलतो. एवढा बारीक उतार उभ्या माणसाला दिसत नाही. म्हणून बाप उन्हं कलली की रानात पालथा पडायचा, गाल जमिनीला टेकवायचा आणि रानाची दोन्ही टोकं एकाच वेळी नजरेत धरायचा. दोन्ही टोकं एकदम दिसली पाहिजेत, एकामागून एक पाहिली तर डोळा फसतो, असं तो सांगायचा. थोडा वेळ बघून उठायचा, दाढीची माती झटकायचा आणि इथं, असं म्हणून काठी रोवायचा.

आबारावनं ते बापाकडून उचललं, आणि आबारावच्या लेकीनं, शिवकन्येनं, आबारावकडून. ही एकुलती एक पोर. कळपाबरोबर हिंडायच्या वयात ती बापाशेजारी पालथी पडायची आणि पाणी कुठं जाईल ते बोट करून दाखवायची. सात वर्षांची असताना तिनं एकदा आजाला खोडून काढलं होतं आणि पोरीचंच बरोबर निघालं होतं. आजानं तिला कडेवर घेऊन अख्ख्या तळावर मिरवलं.

पुढे गायरानं आक्रसली, लोक शेताला तारा ओढू लागले. बाप वारला त्याच वर्षी रोगानं अर्धा कळप नेला. उरलेली मेंढरं विकून आबारावनं हे खेळणं घेतलं आणि बायकोला, गोपिकाबाईला, घेऊन जालन्यात मस्तगडाच्या बाजूला भाड्याच्या खोलीत येऊन राहिला. शेतात काम मागायला गेला असता तर मोठ्या ट्रॅक्टरांनी त्याला उभं केलं नसतं. पण शहरात अंगणं होती आणि अंगणाचा उतार कोणालाच कळत नव्हता. आबाराव तिथं ट्रॅक्टरवरून उतरायचा, साहेबलोकांसमोर पालथा पडून मातीला गाल लावायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गवंडी हसायचे, कारण त्यांच्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते आणि तिची दोन टोकं दोन ठिकाणी धरली की कुठली जागा उंच, कुठली खाली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आबारावला ती नळी म्हणजे अपमान वाटे. एकदा एका गवंड्यानं त्याच्यामागून नळी लावून पाहिली आणि मग आयुष्यात त्याच्यापुढे नळी काढली नाही.

हे सगळं चांगलं चाललेलं असताना, दोन वर्षांपूर्वी, आबारावनं एका महिन्यात दोनदा डाव्या बाजूच्या खांबाला चाक घासलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं समजून तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरनं त्याला एका डब्यात तोंड घालून बसवलं आणि ठिपका चमकला की बटण दाब म्हणून सांगितलं. आबारावला ठिपके फारसे दिसलेच नाहीत. यंत्र बिघडलं असावं, असं त्याला वाटलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. यात डोळ्याच्या कडा आधी जातात आणि मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलं ते परत येत नाही. थेंब नियमानं टाकले तर राहिलंय तेवढं टिकेल. हे सांगून झाल्यावर त्यांनी मुलंबाळं किती, असं विचारलं. एक लेक आहे, लग्न झालंय, असं आबारावनं सांगितलं. तेव्हा डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, हे घराण्यात उतरतं, तिचे डोळे तपासून घ्या, लवकर घ्या, वेळेत कळलं तर डोळे वाचतात.

आता यात अवघड काय होतं? फोन उचलायचा, बाई, एकदा डोळे दाखवून घे, एवढंच म्हणायचं. पण आबारावनं ते दोन वर्षं पोटात ठेवलं. त्याला विचारलं असतं तर त्यानं कारणं दिली असती आणि ती सगळी खरी होती. ड्रायव्हरचे डोळे गेले हे कळलं की उद्यापासून कोण काम देणार? लेकीच्या सासरी कळलं तर ते म्हणणार, यांच्या रक्तातच खोट आहे, आणि आमच्या गळ्यात बांधली. तिला मुलगा व्हावा म्हणून सासू आधीच देव पाण्यात घालून बसलेली, त्यात हे. आणि पोरगी ठणठणीत आहे, अठ्ठावीस वर्षांची आहे, तिला काय होतंय, असंही तो स्वतःला सांगायचा. कारणं खरी असली तरी त्यांच्या मागे बसलेला माणूस भ्यालेला होता. आबाराव बैलाला भीत नव्हता, मेंढरांभोवतीच्या वाघरजाळीत शिरलेल्या लांडग्याला त्यानं काठीनं हाणलं होतं, पण लेकीला चार शब्द सांगायला तो भ्याला.

गोपिकाबाईला त्यानं सांगितलं होतं. ती सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोळ्यांत थेंब टाकायची आणि दर वेळी तेच विचारायची, पोरीला सांगितलं का? तो म्हणायचा, सांगतो. काही दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. बाटलीचं झाकण जरा जास्तच आवळून लावायची, तेवढंच.

गेल्या दिवाळीनंतर जावयाचा फोन आला. शिवशंकर, घनसावंगीच्या पुढे गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव. माणूस सरळ, कमी बोलणारा. गावात सिमेंटचा रस्ता झाला होता आणि झाला तो जुन्या रस्त्यावरच झाला, त्यामुळे रस्ता दोन हात वर आणि यांचं घर खाली. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी अंगणात उतरलं ते पार उंबऱ्याला येऊन टेकलं. अंगणात मुरूम टाकून घराकडून अंगणापलीकडच्या ओढ्याकडे उतार काढून द्याल का, असं त्यानं विचारलं. लेकीच्या घरचं काम. आबाराव लगेच हो म्हणाला. फोन ठेवल्यावर गोपिकाबाईनं भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगितलं, "ह्या बारीला सांगून या. तुम्ही न्हाई सांगितलं तर मी जाऊन सांगते. मंग मला बोलू नका."

तो सांगायचंच ठरवून निघाला, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. सकाळी उजाडल्यावर ट्रॅक्टर काढला आणि रस्त्याच्या कडेनं, मागचे हॉर्न ऐकत, हळूहळू अंबडवरून दुपारी पोचला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती. डोळ्यांचं शिबिर आहे म्हणायचं, मोफत आहे म्हणायचं, सगळेच दाखवतात म्हणायचं.

घरात पाय टाकायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. भाव वाढेल म्हणून सगळं गाव कापूस घरात घालून बसलं होतं आणि माणसं मागच्या खोलीत अंग चोरून झोपत होती. शिवकन्येची सासू गोजरबाई दारातच बसलेली. ही बाई तोंडाची फटकळ पण हाताची सढळ. व्याह्यांना आधी जेवायला वाढलं, ताटात तूप एवढं ओतलं की भात पोहायला लागला, आणि मग अंगण कसं व्हायला पाहिजे ते हातवारे करून समजावलं. चार वर्षांची नात, छकुली, आजोबांच्या ट्रॅक्टरवरून उतरायलाच तयार होईना.

काम दोन दिवस चाललं. टिपरनं आणून टाकलेले मुरमाचे ढीग आबारावनं फळीनं पसरले, पाणी मारलं, चाकांनी दाबले, पुन्हा पसरले. भिंतीला चिकटून माती चढू दिली नाही. पण फळी खाली सोडली की त्याला एकतर फळी दिसे, नाहीतर भिंत. पूर्वी दोन्ही दिसायचं. तो मान सारखी इकडून तिकडे फिरवत होता. शिवशंकरला वाटलं, सासरे किती बारकाईनं काम करतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा आबाराव अंगणात पालथा पडला आणि गाल मुरमाला टेकवला. मधलं अंगण दिसलं. घराकडचं टोक बघायला मान वळवली तर ओढ्याकडचं गेलं, ओढ्याकडचं धरलं तर घराकडचं गेलं. तो तसाच पडून राहिला. शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं. शिवशंकर म्हणाला, तिथल्या मिस्त्रीची नळी आणू का, दोन मिनिटांत बघून होईल. आबाराव हसला आणि नको म्हणाला. या हसण्याची किंमत त्याला तेव्हा ठाऊक असती तर त्यानं ती नळी स्वतः धावत जाऊन आणली असती.

पण माती अंगावर घेऊन उठताना त्याला एक युक्ती सुचली आणि तिचा त्याला आनंदही झाला. त्यानं लेकीला हाक मारली. "ये गं शिवकन्या, तू बघ बरं. आज्यानं शिकवलेलं इसरली तर न्हाई ना?"

शिवकन्या सासूकडे बघून लाजली. गोजरबाई म्हणाली, बघ की, बापानं सांगितलंय तर. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि घरातल्या सगळ्यांसमोर ती पालथी झाली. पुष्कळ वेळ पाहिलं. आबाराव तिच्या पायांशी उभा होता आणि त्याला त्या वेळी ती सात वर्षांचीच दिसत होती. ती उठली, गालाची माती पुसली आणि बापाला म्हणाली, "बराबर हाये, दादा. पाणी वढ्याकडं चाललंय."

आबारावचा जीव भांड्यात पडला. आपला डोळा गेला तरी पोरीचा शाबूत आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यानं त्या क्षणी मनाशी पक्कं करून टाकलं. आता शिबिराचं खोटं काढायची गरज नव्हती. गोजरबाईनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, बापलेकीचं कौतुक केलं, रात्री पुरण घातलं. अशा घरात, अशा वेळी, काचबिंदूचं नाव कोण काढील? सकाळी तो निघाला. गोपिकाबाईनं विचारलं, सांगितलं का? तो म्हणाला, गरजच न्हाई, तिची नजर माझ्याहून तेज हाये. गोपिकाबाईनं थेंबांच्या बाटलीचं झाकण आवळून लावलं. मी जाऊन सांगते म्हणाली होती, तीही गेली नाही. आपल्या नवऱ्याला खोटं पाडायची सवय तिला नव्हती.

तीन आठवड्यांनी अवकाळी आला. दुपारचे चार वाजले होते, सगळे रानात शेवटच्या वेचणीला गेलेले, घरात फक्त गोजरबाई आणि छकुली. तासभर पाऊस झाला. रस्त्यावरचं पाणी अंगणात उतरलं आणि नव्या, दाबून गुळगुळीत केलेल्या मुरमावरून सरळ उंबऱ्याकडे आलं. पूर्वी माती होती तेव्हा निदान थोडं मुरायचं तरी. गोजरबाईनं पोती टाकली, परातीनं पाणी उपसलं, पण एकटी बाई किती उपसणार? पाणी पुढच्या खोलीत शिरलं आणि कापसाच्या खालच्या थरात मुरलं. माणसं रानातून धावत येईपर्यंत कापूस गुडघाभर भिजला होता. ओला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो. त्यांनी तो गच्चीवर, शाळेच्या ओट्यावर, जागा मिळेल तिथं पसरला, पण पांढरा झाला नाही. वर्षाचं पीक होतं ते.

शिवशंकरनं फोनवर एवढंच सांगितलं की पाणी घरात आलं, एकदा येऊन बघा. आवाजात राग नव्हता, म्हणून आबारावला जास्त लागलं. या वेळी तो बसनं गेला आणि घनसावंगीहून पुढे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. अंगणात पाऊल टाकलं आणि मुरमावरचा गाळाचा माग त्याला दिसला. पाणी कुठून कुठं गेलं ते कोणालाही वाचता आलं असतं.

गोजरबाईनं पाणी दिलं, चहा दिला. नंतर ती बोलायला लागली, आणि ती त्याला बोलली असती तर बरं झालं असतं. "इवाई, तुमचं चुकलं, ते मी समजून घेते. हातानं काम करणारा माणूस चुकतो. पण हिनं डोळ्यानं पाह्यलं अन्‌ खोटं सांगितलं. बापाची इज्जत राखायला लेकराच्या तोंडचा घास पाण्यात घातला." शिवकन्या भिंतीशी उभी होती. तिनं मान खाली घातली. शिवशंकर बाहेर बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी पाठीवरून फिरलेला हात आता या घरात पुन्हा कधी फिरेल असं वाटत नव्हतं.

पोरगी खोटं बोलली, असंच आबारावलाही वाटलं होतं. येताना जीपमध्ये तो हाच विचार करत होता, की पोरीनं आपलं चुकलेलं पाहिलं आणि चारचौघांत बापाची मान खाली जाऊ नये म्हणून बरोबर आहे म्हणाली. त्याला त्याची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं भरूनही येत होतं. आता तिच्या खाली घातलेल्या मानेकडे बघून त्याला ते सहन होईना. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "इनबाई, पोरीला बोलू नका. माझा डोळा गेलाय. दोन्ही टोकं मला दिसंना झालीत. हे मी कोणाला सांगितलं न्हाई. माझं चुकलेलं झाकायला तिनं मला सांभाळून घेतलं." शिवशंकर वळून सासऱ्याकडे बघू लागला. जालन्यातला एक माणूसही आपल्याला आता काम देणार नाही, हे बोलताना आबारावला कळत होतं, पण त्याला हलकं वाटलं. निम्मंच सांगितलं होतं, तरी हलकं वाटलं.

मग त्यानं स्वतःहून शेजारच्या मिस्त्रीची नळी मागून आणली. आयुष्यात पहिल्यांदा. एक टोक त्यानं उंबऱ्याजवळ धरलं, दुसरं घेऊन शिवकन्या ओढ्याच्या बाजूला उभी राहिली. टिकावाच्या दांड्यावर खुणा केल्या. ओढ्याकडची बाजू चार बोटं उंच निघाली. त्यानं पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा तेवढीच. चार बोटं म्हणजे काही केसभर नव्हे. घरातली माणसं आत गेली होती. आबाराव नळी गुंडाळत लेकीजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला की तू माझ्यासाठी एवढं करायला नको होतं, घर तुझं आहे, तिथल्या तिथं दादा चुकलं म्हणाली असतीस तर मला राग आला नसता.

शिवकन्येनं वर पाहिलं. तिचा चेहरा रडवेला नव्हता, गोंधळलेला होता. "मी खोटं बोलले न्हाई, दादा. आत्याबाईला तसं वाटून राह्यलं, तुम्हाला बी तसंच वाटतंय का? मला बराबरच दिसलं व्हतं."

आबारावच्या हातातली नळी तिथंच राहिली. त्यानं तिला पुन्हा विचारलं, नीट आठवून सांग म्हणाला. तिनं सांगितलं की वढ्याकडचं टोक धरलं की घराकडचं सुटत होतं, लई दिवसांत पालथी पडले न्हाई म्हणून सवय गेली असंल असं तिला वाटलं. मग तिनं एक टोक पाहिलं, मग दुसरं पाहिलं, आणि दोन्ही जोडून सांगितलं.

तेव्हा आबारावनं सांगितलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरली. डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं: कडा आधी जातात, माणसाला कळत नाही, गेलेलं परत येत नाही, घराण्यात उतरतं, लेकीचे डोळे लवकर दाखवा. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं. आतून छकुलीचा आवाज येत होता, आजीशी कशावरून तरी भांडत होती.

"कवा सांगितलं व्हतं डॉक्टरनं?" तिनं विचारलं.

"दोन वर्सं झाली."

तिनं घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागच्या संक्रांतीपासून मी दाराच्या चौकटीला धडकून राह्यले. ताट घेऊन येते अन्‌ खांदा लागतो. आत्याबाई म्हणतात, हिचं ध्यान जाग्यावर न्हाई. मला बी तसंच वाटायचं. मी रोज सोताला शिव्या द्यायची, दादा." तिनं बोटांवर महिने मोजल्यासारखं केलं. "दोन वर्सांपूर्वी मी कुठंच धडकत नव्हते."

आबारावनं हात पुढे केला, पण तिच्या खांद्यावर ठेवायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं सांगितलं की उद्याच आपण जाऊ, डॉक्टर ओळखीचे झालेत, नंबर लावायला लागत नाही, तू, मी, तुझी आई, सगळे जाऊ.

शिवकन्येनं पदरानं हात पुसले. नळीतलं पाणी तिच्या पायांवर सांडलं होतं. "डॉक्टरचं नाव सांगा," ती म्हणाली. "छकुलीला घेऊन मी जाते. तुम्ही नका येऊ."

त्यानं नाव सांगितलं, दवाखाना कुठल्या चौकात आहे तेही सांगितलं. तिनं ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं आणि पोरीला हाक मारत ती घरात गेली. दारातून जाताना तिनं आधी हात पुढे करून चौकट चाचपली.